मार्कोनीची आकाशतार

लातूरहून किंवा नांदेडहून पुण्याकडे निघालेली आगगाडी कुर्डुवाडी मागे टाकून भीमाकाठच्या दौंड स्थानकात येते. गाडी तेथे थोडी विसावते, उतारू चहा घेतात आणि पुन्हा प्रवासाला लागतात. याच दौंडजवळ १९२७ साली उंच मनोऱ्यांवर तारांचा एक विस्तीर्ण पडदा टांगण्यात आला होता. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरून निघालेले संदेश हजारो मैलांचे अंतर तारेवाचून तोडून त्या पडद्यावर उतरत, आणि इकडची उत्तरे पुण्याजवळच्या खडकी केंद्रातून परत जात. त्यापूर्वी मुंबईचा निरोप लंडनला पाठवावयाचा, तर समुद्रतळाशी टाकलेल्या केबलींवर किंवा इराणच्या वाटेने गेलेल्या तारांवरच सारी भिस्त असे. लातूर आणि नांदेड ही गावे त्या काळी हैदराबादच्या निजामी राज्यात होती आणि लातूरला कुर्डुवाडीहून बार्शी लाइट रेल्वेची चिमुकली गाडी येत असे. त्या गाडीच्या वाटेपासून फार दूर नाही अशा ठिकाणी जगातील एक नवी विद्या येऊन उभी राहिली होती. तिच्यामागे एका माणसाची तीस वर्षांहून अधिक काळाची खटपट होती. त्याचे नाव गुल्येल्मो मार्कोनी.

मार्कोनीचा जन्म २५ एप्रिल १८७४ रोजी इटलीतील बोलोन्या शहरी झाला. वडील ज्युझेप्पे हे सधन जमीनदार होते. आई ॲनी ही मूळची आयर्लंडची. आईमुळे मुलाला लहानपणापासून इंग्रजी भाषा अवगत झाली आणि पुढे ती त्याच्या फार उपयोगी पडली. शाळेतील ठराविक अभ्यासात तो कधी चमकला नाही, विद्यापीठाची पदवीही त्याने मिळविली नाही. परंतु विजेच्या प्रयोगांचे त्याला विलक्षण वेड होते. बोलोन्याचे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक आउगुस्तो रीगी यांनी त्याला आपले ग्रंथ आणि उपकरणे पाहू दिली, हे त्याचे भाग्य.

विजेच्या लहरी अवकाशातून प्रवास करतात, हे मॅक्सवेल या स्कॉटिश शास्त्रज्ञाने गणिताने सांगितले होते आणि जर्मनीतील हाइन्रिख हर्ट्झने १८८७-८८ च्या सुमारास ते प्रयोगाने दाखविले होते. १८९४ च्या आरंभी हर्ट्झ ऐन तारुण्यात मरण पावला. त्याच्या कार्याविषयीचा लेख वीस वर्षांच्या मार्कोनीच्या वाचनात आला आणि या लहरींच्या पाठीवर निरोप धाडता येईल की काय, या विचाराने त्याला पछाडले. पोंतेक्किओ येथील घराच्या माळ्यावर त्याने आपली प्रयोगशाळा थाटली. एका रात्री त्याने आईला झोपेतून उठवून वर नेले आणि खोलीच्या एका टोकाला कळ दाबून दुसऱ्या टोकाची घंटा वाजवून दाखविली. दोहोंच्या मध्ये तार नव्हती.

खोलीतील घंटा वाजविण्यासारखे प्रयोग इतरांनीही केले होते. कलकत्त्यात जगदीशचंद्र बसू यांनी १८९५ साली अदृश्य लहरींनी घंटा वाजवून आणि बंदुकीच्या दारूचा स्फोट घडवून लोकांना थक्क केले होते. मार्कोनीचे वेगळेपण दिसले ते घराबाहेर. त्याच वर्षी आपली यंत्रे बागेत आणून तो अंतर वाढवू लागला. एका क्षणी त्याने प्रेषकाचे एक टोक उंच खांबावरील पत्र्याला जोडले आणि दुसरे टोक जमिनीत पुरले. ग्राहकाचीही त्याने तशीच व्यवस्था केली. त्याबरोबर संदेशाचा पल्ला एकदम वाढला. खांब जितका उंच, तितकी मजल लांब! शेवटी घरामागील टेकडीच्या पलीकडे भाऊ आल्फोन्सो ग्राहकयंत्रापाशी जाऊन थांबला. संदेश पोचला की त्याने बंदुकीचा बार काढावा, असे ठरले होते. मार्कोनीने कळ दाबली, आणि टेकडीआडून बार ऐकू आला.

ही उंच तार म्हणजेच एरियल, अँटेना किंवा साध्या शब्दांत आकाशतार. ती एकटी काम करीत नाही, ही गोष्ट मार्कोनीच्या हाती त्या दिवशी लागली. खालची जमीन तिची जोडीदार असते. तारेत वीज खालीवर धावू लागली की जवळच्या प्रत्येक धातूच्या वस्तूत थोडीथोडी वीज धावू लागते आणि तीही आपल्या लहरी फेकू लागते. तार कशावर उभी आहे आणि तिच्या शेजारी काय आहे, यावर तिचे वागणे ठरते. हे त्याला समजले ते हाताने, गणिताने नव्हे.

१८९६ मध्ये तो आईसह लंडनला गेला. जकातीच्या अधिकाऱ्यांनी त्याची ती विचित्र पेटी उघडून आतील उपकरणे मोडून टाकली. ती पुन्हा बांधून त्याने २ जून रोजी एकस्वासाठी अर्ज केला. ब्रिटिश टपाल खात्याचे मुख्य अभियंते विल्यम प्रीस यांनी त्याला आश्रय दिला. पुढच्या वर्षी ब्रिस्टलच्या खाडीवरून आणि नंतर इटलीतील स्पेत्सियाच्या आरमारी बंदरात सान मार्तीनो या युद्धनौकेवर त्याचे प्रयोग झाले. मार्च १८९९ मध्ये इंग्लंड व फ्रान्स यांमधील खाडी बिनतारी संदेशाने ओलांडली. त्याच वर्षी धोक्याच्या वाळूच्या दांड्यापाशी नांगरलेल्या एका दीपनौकेला दुसऱ्या जहाजाची धडक बसली, तेव्हा तिने बिनतारी यंत्रावरून किनाऱ्याकडे मदत मागितली.

जहाजासारखी या विद्येची गरज दुसऱ्या कोणाला असणार? बंदर सोडलेले जहाज म्हणजे जगाला अंतरलेले जहाज. पण जहाजावर आकाशतार उभारणे हीच मोठी पंचाईत होती. जहाज बहुधा लोखंडाचे. त्यावर डोलकाठ्या, धुराडी आणि त्यांना ताणून धरणाऱ्या धातूच्या तारांचे जाळे. ही सारी मंडळी आगंतुक भागीदार होऊन बसत. एका दिशेला संदेश जोरकस जाई, तर दुसऱ्या दिशेला क्षीण. जागा बदलावी, तार तिरकी करावी, पुन्हा ऐकून पाहावे, याखेरीज उपाय नव्हता.

आणि चुकण्याची किंमत मोठी होती, हे लवकरच दिसले. अटलांटिक महासागर ओलांडण्याच्या हिरिरीने मार्कोनीने इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागात पोल्ढू येथे प्रचंड केंद्र उभारले. सुमारे ६१ मीटर उंचीच्या वीस डोलकाठ्या वर्तुळात रोवल्या आणि त्यांवर तारांचा शंकू टांगला. डोलकाठ्यांची शेंडे एकमेकांस बांधलेली होती. एक ढळली तर बाकीच्यांचे काय होईल, याचा विचार पुरेसा झाला नव्हता. १७ सप्टेंबर १९०१ रोजी वादळ झाले आणि तो सगळा पसारा भुईसपाट झाला. अमेरिकेच्या किनाऱ्यावरील तसाच दुसरा मांडव नोव्हेंबरात कोसळला. कंपनीचे अमाप द्रव्य मातीस मिळाले. दुसरा एखादा खचून गेला असता. मार्कोनीने पोल्ढूला दोनच डोलकाठ्यांवर पंख्याच्या आकाराच्या तारा लावविल्या आणि केम्प व पॅजेट या दोन सहकाऱ्यांसह तो न्यू फाउंडलंड बेटाकडे निघाला. सामानात डोलकाठ्या नव्हत्या, पतंग आणि फुगे होते.

तेथे सेंट जॉन्स गावाजवळच्या टेकडीवर सोसाट्याचा वारा सुटला होता. एक फुगा दोर तोडून निघून गेला. १२ डिसेंबर १९०१ रोजी एका पतंगाने दीडशे मीटर लांबीची तार कशीबशी वर धरून ठेवली. पतंग हेलकावे खाई, तशी तारेची उंची क्षणाक्षणाला बदले. दुपारी साडेबाराच्या सुमारास मार्कोनीला कानाशी धरलेल्या यंत्रात तीन ठिपक्यांचा, म्हणजे इंग्रजी एस या अक्षराचा खुणेचा आवाज आला असे वाटले. त्याने ते यंत्र केम्पच्या हाती दिले. त्यालाही तो ऐकू आला. पोल्ढू तेथून सुमारे साडेतीन हजार किलोमीटर दूर होते.

तो आवाज खरोखर पोल्ढूचाच होता काय? ऐकणारे दोघेच होते, आणि पुढील ज्ञानाच्या प्रकाशात पाहता भर दुपारी त्या लहरींनी एवढी मजल मारणे फार कठीण होते. म्हणून आजही काही अभ्यासक शंका घेतात. त्या दिवशीच्या ग्राहकात पाऱ्याचा उपयोग करणारे एक उपकरण होते. इटालियन आरमारातील एका मित्राने ते मार्कोनीला दिले होते. परंतु त्या जातीच्या उपकरणाचे वर्णन जगदीशचंद्रांनी १८९९ सालीच लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे ठेवलेले होते. कीर्तीचा हार मार्कोनीच्या गळ्यात पडला. जगदीशचंद्रांचा वाटा लोकांना कळावयास पुढे कित्येक वर्षे लागली, ही गोष्ट न्यायाची झाली नाही.

शंका घेणारे त्याही वेळी होते. त्यांना उत्तर देण्यासाठी मार्कोनीने फेब्रुवारी १९०२ मध्ये फिलाडेल्फिया नावाच्या आगबोटीवर आकाशतार उभारली आणि कागदी फितीवर आपोआप खुणा उमटविणारे यंत्र लावले. बोट इंग्लंडहून अमेरिकेकडे निघाली. रात्री पूर्ण संदेश सुमारे २,५०० किलोमीटरपर्यंत आणि तीन ठिपके सुमारे ३,४०० किलोमीटरपर्यंत फितीवर उमटत राहिले. दिवसा मात्र अकराशे किलोमीटरपुढे काहीच मिळेना. रात्रीचा आणि दिवसाचा हा भेद प्रथम एका बोटीवर ध्यानात आला. वातावरणाच्या वरच्या भागात विजेच्या लहरी परतविणारा एक थर असावा, असा तर्क त्याच वर्षी केनेली आणि हेव्हिसाइड यांनी मांडला. तो थर खरोखर आहे, हे १९२४ साली ॲपल्टनने सिद्ध केले.

येथे एक चमत्कारिक योगायोग सांगण्याजोगा आहे. मार्कोनीला लंडनमध्ये एकस्व मिळाले ते १८९७ साली. त्याच साली हेन्री पॉकलिंग्टन या इंग्रज गणितज्ञाने तारेतील वीज कशी वाटली जाते याचे एक समीकरण प्रसिद्ध केले. म्हणजे ज्या गोष्टी मार्कोनी वादळवाऱ्यात पतंग उडवून शोधीत होता, त्यांची गुरुकिल्ली एका पुस्तकात पडून होती! पण ती कुलपाला लागत नव्हती. सरळ, एकट्या तारेपुरते उत्तर निघे. जहाजासाठी काढावयाचे तर शेकडो समीकरणे एकदम सोडवावी लागत, आणि माणसाचे आयुष्य त्याला पुरले नसते. म्हणून मार्कोनीला दोष देता येत नाही.

या विद्येने माणसांचे प्राण वाचू लागले. जानेवारी १९०९ मध्ये रिपब्लिक हे जहाज दुसऱ्या जहाजाशी टकरले, तेव्हा बिनतारी हाकेमुळे जवळजवळ सर्व उतारू वाचले. त्याच वर्षी मार्कोनीला जर्मनीच्या कार्ल फर्डिनांड ब्राउनसमवेत पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. मग आली १४ एप्रिल १९१२ ची काळरात्र. टायटॅनिक जहाज हिमनगावर आदळले. त्यावरील दोघे बिनतारी चालक, फिलिप्स आणि ब्राइड, मार्कोनीच्या कंपनीचे नोकर होते. जहाज बुडेपर्यंत ते हाका मारीत राहिले. फिलिप्स त्यात दगावला. ती हाक ऐकून कार्पेथिया धावून आले आणि सुमारे सातशे जीव वाचले. पंधराशेंहून अधिक बुडाले. याहून जवळ असलेल्या कॅलिफोर्नियन जहाजावरचा एकुलता एक चालक यंत्र बंद करून झोपी गेला होता. पुढे १९१४ च्या आंतरराष्ट्रीय करारात अशा जहाजांवर बिनतारी यंत्रापाशी अहोरात्र पहारा असावा, असे ठरले.

संकटातली ही हाक केवळ समुद्रापुरती नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर जिल्ह्यात किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला आणि हजारो माणसे घरांच्या दगडमातीखाली गाडली गेली. त्या दिवसांत हौशी बिनतारी चालकांनी आपली यंत्रे तेथे नेऊन निरोप पोचविण्यास हातभार लावला. त्यांची आकाशतार म्हणजे दोन आधारांत ताणलेली साधी तार. सत्तर मीटरांचा मनोरा नव्हे.

टायटॅनिक बुडाले त्याच वर्षी मोटारीच्या अपघातात मार्कोनीचा उजवा डोळा गेला. तरी त्याचे काम थांबले नाही. पहिल्या महायुद्धानंतर त्याने सुमारे ६७ मीटर लांबीची एक मोठी नौका विकत घेतली आणि तिला एलेत्रा हे नाव दिले. ही नौकाच त्याचे घर झाली आणि प्रयोगशाळाही. आजवर साऱ्यांचा भर अतिशय लांब लहरींवर होता; त्यांना प्रचंड मनोरे आणि प्रचंड वीज लागे. १९२३ साली पोल्ढूहून शंभर मीटरांच्या आसपासच्या लहरी पाठवून, एलेत्रा दूर आफ्रिकेच्या बाजूच्या केप व्हर्द बेटांपर्यंत नेऊन, मार्कोनीने पाहिले की या आखूड लहरी थोड्या विजेत फार लांब जातात. आपण जन्मभर चुकीच्या वाटेने चाललो होतो, असे कबूल करावयास मोठे मन लागते. पन्नाशीच्या उंबरठ्यावर त्याने वाट बदलली.

त्याचा सहकारी चार्ल्स फ्रँकलिन याने आखूड लहरींसाठी नवी आकाशतार आखली. एका तारेऐवजी अनेक उभ्या तारांचा पडदा, आणि त्याच्यामागे परावर्तनासाठी दुसरा पडदा. कंदिलामागे चकचकीत पत्रा लावला की उजेड एकाच बाजूला पडतो, हे तसेच. संदेशाचा झोत नेमका हव्या त्या देशाकडे जाऊ लागला. १९२६ साली कॅनडा आणि १९२७ साली ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका व हिंदुस्थान यांच्याशी अशी झोतसेवा सुरू झाली. खडकीचे प्रेषण आणि दौंडचे ग्रहण हा तिचाच भाग होता.

मार्कोनीच्या चरित्रातील एक भाग मात्र वाचताना मन खट्टू होते. १९२३ साली तो मुसोलिनीच्या फॅसिस्ट पक्षात गेला, त्या राजवटीने दिलेले मानसन्मान त्याने स्वीकारले आणि परदेशांत तिची बाजूही मांडली. ज्याने माणसांना माणसांशी बोलते केले, त्याने बोलणाऱ्यांची तोंडे बंद करणाऱ्या सत्तेला साथ द्यावी, हे समजणे कठीण आहे.

जुलै १९३४ मध्ये त्याने एलेत्रावर अखेरच्या मोठ्या प्रयोगांपैकी एक केला. नौका हाकणाऱ्याच्या खोलीच्या खिडक्या पडद्यांनी झाकल्या. किनाऱ्यावरील केंद्रातून साठ सेंटिमीटरांच्या लहरींचा झोत येत होता. केवळ त्या झोताच्या आधारे, बाहेर न पाहता, नौका दोन तरंगत्या खुणांच्या मधून सुखरूप नेण्यात आली.

हीच एलेत्रा घेऊन आजची पद्धत पाहावी. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी नौदल ४८ पट लहान पितळी जहाजे बनवून लहरीही ४८ पट आखूड वापरी, आणि नमुना फिरत्या चौथऱ्यावर ठेवून आकाशतारेची परीक्षा घेई. १९६० नंतर संगणक हाताशी आले आणि पॉकलिंग्टनच्या समीकरणाला कुलूप सापडले. लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत नौदलासाठी सिद्ध झालेली अशी एक प्रणाली तर पुढे सर्वांना विनामूल्य खुली झाली. तिची रीत अशी : तार, डोलकाठी, धुराडे, जहाजाची कूस, सर्वांचे लहान लहान तुकडे कल्पावयाचे. प्रत्येक तुकड्यातील वीज दुसऱ्या प्रत्येक तुकड्यावर परिणाम करते. जितके तुकडे, तितकी समीकरणे. तुकडा साधारणपणे लहरीच्या लांबीच्या एक दशांशाहून मोठा असू नये. तीस मीटरांच्या लहरीसाठी एलेत्राचे तीन मीटरांचे तुकडे पुरतील. पण साठ सेंटिमीटरांच्या लहरीसाठी सहा सेंटिमीटरांचे लागतील. म्हणजे लांबीत पन्नासपट आणि पृष्ठभागावर पन्नास गुणिले पन्नास, अडीच हजारपट. मोठ्या वाहनांचे गणित येथे अडते. मग लहरींना प्रकाशाच्या किरणांसारखे मानून, त्या कोठे आदळतील, कोठे वळतील, असा हिशेब करावा लागतो. नांदेडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थी आज मेजाशी बसून हे करू शकतो. संगणकाच्या पडद्यावर डोलकाठी चुकली, तर ती पुसून दुसरी काढावयाची. पोल्ढूसारखे काही कोसळत नाही. मात्र संगणकाला जहाजावरची एखादी तार सांगावयाची राहिली, तर उत्तर चुकते. म्हणून बांधून झाल्यावर प्रत्यक्ष मोजून पाहण्याचा परिपाठ अजून सुटलेला नाही.

२० जुलै १९३७ रोजी मार्कोनी रोम येथे हृदयविकाराने निवर्तला. त्याच्या अंत्यविधीच्या वेळी ब्रिटनमधील टपाल खात्याची बिनतारी केंद्रे आणि बीबीसीची ध्वनिक्षेपण केंद्रे दोन मिनिटे मूक राहिली. एलेत्रा युद्धाच्या धामधुमीत जर्मनांच्या हाती पडली आणि जानेवारी १९४४ मध्ये युगोस्लाव्हियाच्या किनाऱ्याशी विमानांच्या बाँबहल्ल्यात निकामी झाली. १९६२ साली तिचा सांगाडा इटलीला परत आणण्यात आला. पुढे तो कापून त्याचे तुकडे निरनिराळ्या ठिकाणी ठेवण्यात आले. त्यांपैकी एक पोंतेक्किओच्या घराच्या बागेत आहे. तेथूनच टेकडीपलीकडचा बंदुकीचा बार मार्कोनीने ऐकला होता.